इंजिन खोलू नका, हेड स्टड बसवा : रॅमच्या ५.९ कमिन्सवर बोर्गवॉर्नर एस३६३ टर्बो आणि एआरपी स्टड

२००३ ते २००७ मधला ५.९ लिटर कॉमन रेल कमिन्स डिझेल इंजिनाचा डॉज रॅम पिकअप ज्यांच्याकडे आहे आणि जे त्याला ट्रेलर जोडून डोंगर चढतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. शर्यतीसाठी गाडी बनवणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, त्यांना यातलं फारसं उपयोगी पडणार नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. बोर्गवॉर्नरचा एस३६३ एसएक्स-ई हा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) ओझं ओढायला उत्तम आहे. पण त्याच्याही आधी एआरपीचे हेड स्टड (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, ब्लॉकवर घट्ट धरणाऱ्या आट्यांच्या सळया), एक्झॉस्टच्या तापमानाचं गेज आणि चांगला क्लच यांवर पैसे घाला. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड बदलायचा खर्च मात्र या कामासाठी करूच नका, कोणी कितीही घाबरवलं तरी.

मी मूळचा कराडचा. राहतो कोलोरॅडोत, पॅलिसेडला. इथले पीच साऱ्या राज्यात प्रसिद्ध आहेत. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत तोड चालते आणि त्या दिवसांत आमच्या शेडमधला माल घेऊन मी डेन्व्हरला जातो. गाडी २००६ ची रॅम २५००, सहा गिअरची जी५६ मॅन्युअल. मागे गूजनेक (पिकअपच्या हौद्यात जोडायचा) ट्रेलर, मालासकट साधारण अकरा हजार पौंड, म्हणजे पाच टन. रस्ता एकच, आय-७०. पॅलिसेड पावणेपाच हजार फुटांच्या आसपास. तिथून ग्लेनवुड कॅन्यनमधून वर चढत चढत व्हेल पास, १०,६६२ फूट. मग सिल्व्हरथॉर्नला खाली उतरायचं आणि लगेच पुन्हा आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत, ११,१५८ फूट. सिल्व्हरथॉर्नहून बोगद्यापर्यंतचा चढ सलग सहा-सात टक्क्यांचा. भरल्या गाडीने खंबाटकी चढलेल्या माणसाला चढ म्हणजे काय ते सांगायला नको. इथे त्यात भर पडते ती विरळ हवेची, आणि टर्बोचा सगळा विषय त्या हवेपाशीच येऊन थांबतो.

हे जरा नीट सांगतो, कारण टर्बो विकणारे बहुतेक लोक हॉर्सपॉवरची भाषा बोलतात आणि ओढणाऱ्याला लागतं ते वेगळंच. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) असतो. तिथे टर्बोने ३० पीएसआय बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेच्या वरचा दाब, दिला, तर त्याने हवा मूळच्या साधारण तिप्पट दाबलेली असते. बोगद्याच्या तोंडाशी हवेचाच दाब दहा पीएसआयच्या आत येतो. गेजवर तोच ३० चा आकडा हवा असेल, तर टर्बोला हवा चौपट दाबावी लागते. काटा तिथेच असतो, पण आत टर्बोचं चाक कितीतरी जास्त वेगाने फिरत असतं आणि हवा जास्त तापवून देत असतं. म्हणून खाली मजेत चालणारी गाडी वर गेल्यावर दमते, काळा धूर सोडते आणि एक्झॉस्टचं तापमान भराभर चढतं. इंधन तेवढंच पडतंय, हवा कमी पडते.

मूळचा टर्बो होलसेटचा एचई३५१सीडब्ल्यू. त्याच्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. ३२५ हॉर्सपॉवर आणि ६१० फूट-पौंड टॉर्क एवढ्या मूळ ताकदीसाठी तो नेमका बेतलेला आहे, खालच्या आरपीएमला पटकन जागा होतो, आणि माझ्या गाडीवर तो दोन लाख मैलांच्या पुढे चालला. शाफ्टला हाताला जाणवेल इतकी ढिलाई आली तेव्हा तो उतरवायची वेळ झाली होती. तसाच नवा होलसेट घालायचा की मोठा बसवायचा, हा प्रश्न तिथून निघाला. माझ्या गाडीला सौम्य टोइंग ट्यून (ओझं ओढण्यासाठी इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये केलेला बदल) आहे. सगळं धरून चाकावर चारशेच्या आसपास हॉर्सपॉवर, त्यापुढे मला जायचंही नाही. पण त्या टर्बोवर भर ऑगस्टात बोगद्याच्या चढाला तापमान १,४०० फॅरनहाइटला टेकायचं. म्हणजे ७६० सेल्सिअस. मग पाय उचलायचा, एक गिअर खाली टाकायचा आणि धोक्याचे दिवे लावून उजव्या लेनमधून रांगत जायचं.

पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि ॲल्युमिनियम ६६० सेल्सिअसला वितळतं. मग ७६० च्या गॅसमध्ये पिस्टन टिकतो कसा? कारण खालून ऑइलची धार सतत त्याच्यावर मारलेली असते, आणि गॅस एवढा गरम प्रत्येक फेऱ्यात थोडाच वेळ असतो. दहा सेकंद १,४०० ला काही होत नाही. दहा मिनिटं ठेवलं तर पिस्टनची कड जाते. सलग चढाला १,२५० ते १,३०० च्या वर राहायचं नाही, हा नियम इथले जुने लोक पाळतात आणि मीही पाळतो. म्हणून म्हणतो, टर्बो घ्यायच्या आधी गेज घ्या. त्याचा सेन्सर टर्बोच्या अलीकडे, मॅनिफोल्डमध्येच (सगळ्या सिलिंडरांचा एक्झॉस्ट गोळा करणाऱ्या पाइपात) बसवा. टर्बोच्या पलीकडे बसवला तर तापमान कित्येकशे अंशांनी कमी दिसतं आणि माणूस गाफील राहतो. मॅनिफोल्डला भोक पाडताना ड्रिलला ग्रीस फासा, दर दोन-चार फेऱ्यांनी पुसा आणि शेवटी आत चुंबक फिरवून घ्या. बिडाचा एक कण टर्बाइनच्या पात्यावर गेला तर नवा टर्बो तिथेच संपला.

आता इंजिन मजबूत करायचं की नाही. टर्बोची चौकशी करायला डेन्व्हरच्या बाजूच्या एका डिझेल गॅरेजमध्ये गेलो होतो. नाव लिहीत नाही. त्यांनी टर्बोची किंमत सांगायच्या आधीच सगळ्या इंजिनाचा अंदाज हातात ठेवला : फोर्ज्ड रॉड, नवे पिस्टन, हेडला ओ-रिंग, वरून मजुरी. बारा हजार डॉलरच्या वर. "मोठा टर्बो घालताय म्हणजे खालचं इंजिन उडणार" असं छातीठोकपणे सांगितलं. मला याचा मनापासून राग येतो. ट्रेलर ओढून पोट भरणाऱ्या माणसाला बारा हजार म्हणजे अख्खा मोसम, आणि ज्या भीतीपोटी तो ते देतो ती भीतीच चुकीची आहे.

इंजिन तुटतं ते टर्बोच्या आकाराने नाही. सिलिंडरमध्ये इंधन पेटल्यावर जो दाब तयार होतो, त्याने तुटतं. तो दाब तीन गोष्टींवर ठरतो : हवा किती, इंधन किती आणि ते कधी पेटलं. तिसरी गोष्ट सगळ्यात घातक. ट्यूनमध्ये टायमिंग फार पुढे ओढलं की पिस्टन अजून वर येत असतानाच दाब टोकाला जातो. तो सगळा मार हेड, गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधला पातळ थर) आणि रॉडवर बसतो. टर्बो मोठा पण इंधन आणि टायमिंग बेताचं, अशा इंजिनाला उलट आराम मिळतो. हवा थंड येते, एक्झॉस्ट मोकळा जातो.

शिवाय हे इंजिन काय आहे ते बघा. बिडाचा ब्लॉक, सरळ रांगेत सहा सिलिंडर, क्रँकला सात मेन बेअरिंग, १०२ मिलिमीटर बोअर आणि १२० मिलिमीटर स्ट्रोक. याच कुटुंबातलं क्यूएसबी ५.९ कमिन्सने बोटींसाठी ४८० हॉर्सपॉवरचं करून विकलेलं आहे. बोटीला थंड पाणी हवं तेवढं मिळतं, ते खरं. तरी खालच्या सांगाड्यात किती जीव आहे हे त्यावरून कळतं. रॅममधल्या मूळ रॉडवर सहाशे-सातशे हॉर्सपॉवर काढणारे लोक या देशात गावोगावी आहेत. आपण चारशेवर थांबणार. मग रॉड कशासाठी बदलायचे?

हेडची गोष्ट मात्र वेगळी आहे. या इंजिनात कच्चा दुवा कुठे असेल तर तो हेड धरून ठेवणारे बोल्ट. एकूण सव्वीस, प्रत्येक सिलिंडरभोवती सहा, शेजारच्याशी वाटून घेतलेले. बूस्ट चाळीसच्या पलीकडे जायला लागला किंवा टायमिंग पुढे असलं की हेड केसाएवढं उचललं जातं आणि गॅस्केट जाते. चढाला इंजिन पाणी ओव्हरफ्लोच्या बाटलीत फेकायला लागतं ते त्यामुळेच. माझा बूस्ट पस्तीसच्या आसपास राहतो, म्हणजे काटेकोर पाहिलं तर मूळ बोल्टवरही भागलं असतं. तरीही मी स्टड घातले, आणि या साऱ्या कामात सगळ्यात जास्त समाधान त्यांनीच दिलं. पाच टन ओढताना इंजिन मिनिटं न् मिनिटं पूर्ण ताकदीवर असतं. रिकाम्या गाडीने काही सेकंद पळणं आणि हे, यात फार फरक आहे.

एआरपीचा हा संच १२ मिलिमीटरचा, त्यांच्या एआरपी २००० या पोलादाचा. लोक त्याला सरसकट 'फोर ट्वेंटी-फाइव्ह' म्हणतात. त्याहून भारी ६२५ नावाचाही संच आहे आणि तो कित्येक पट महाग आहे. चारशे-पाचशे हॉर्सपॉवरच्या गाडीला त्याची गरज नाही. बोल्ट आणि स्टड यांतला फरक जाडीत नाही. बोल्ट आवळताना तो स्वतः पिळला जातो आणि ताणलाही जातो. ब्लॉकमधल्या आट्यांवर तोच घासतो, त्यामुळे रेंचवर दिसलेल्या टॉर्कपैकी किती खरोखर ताणात गेला हे नक्की सांगता येत नाही. स्टड ब्लॉकमध्ये फक्त हाताने बसवायचा. वरच्या टोकाच्या बारीक आट्यांवर नट फिरतो, स्टड सरळ ताणला जातो, पिळला जात नाही. सव्वीसच्या सव्वीस जागी ताण सारखा येतो, आणि गॅस्केटला हवा असतो तो सारखेपणाच.

बसवायला मी हेड उतरवलं नाही. गॅस्केट धड असेल, पाणी कमी होत नसेल, तर एकेक बोल्ट काढून त्याच्या जागी एकेक स्टड घालता येतो. यावर मतभेद आहेत, मला माहीत आहे. हेड उतरवून तपासून नवी गॅस्केट घालणं केव्हाही जास्त चांगलं. पण चांगल्या चाललेल्या इंजिनाचं हेड उतरवणं म्हणजे पाणी, इंजेक्टर लाइन, मॅनिफोल्ड, सगळंच सुटणार. गॅस्केट गेलेलीच असेल तर प्रश्नच नाही, उतरवायलाच हवं.

व्हॉल्व्ह कव्हर काढलं, रॉकर काढून ज्याच्या त्याच्या जागेप्रमाणे पुठ्ठ्यावर मांडून ठेवले. मधून बाहेर जायचा जो आवळायचा क्रम आहे, त्याच क्रमाने एक बोल्ट काढायचा. भोकात ऑइल उतरलेलं असतं. ते हवेने पूर्ण उडवायचं, नाहीतर स्टड तळाला पोचला असं वाटतं आणि प्रत्यक्षात तो ऑइलवर अडकलेला असतो. आटे साफ करायला चेसर वापरा, टॅप नको, टॅप लोखंड खातो. मग स्टड हाताने, वॉशर, एआरपीचं स्वतःचं वंगण नटाच्या आट्यांना आणि नटाच्या खालच्या बाजूलाही, आणि नट. पहिल्या फेरीत सगळे कमी टॉर्कवर, मग पुन्हा क्रमाने वाढवत शेवटी १२५ फूट-पौंड. १२५ हा आकडा त्यांच्या वंगणासाठीचा आहे. साधं ऑइल लावून तोच आकडा धरला तर ताण कमी पडतो.

शेवटच्या सिलिंडरला त्रास होतो, कारण रॅमचं सहावं सिलिंडर काउलच्या, म्हणजे पुढच्या काचेखालच्या पत्र्याच्या, खाली आत गेलेलं आहे. तिथे रेंचला धड पाव फेराही मिळत नाही, पाठीवर वाकून काम करावं लागतं आणि टॉर्क रेंचची टिकटिक हाताला जाणवली तरी कानाला ऐकू येत नाही. घाई असलेला फिटर नेमकी तिथेच ढिलाई करतो. दुसऱ्याकडून काम करून घेणार असाल तर मागचे सहा स्टड आवळले जात असताना शेजारी उभे राहा. रॉकर परत बसवल्यावर व्हॉल्व्हचा गाळा : इनटेक दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्ट वीस. इंजिन गरम करून पूर्ण थंड होऊ दिलं आणि सगळे नट पुन्हा तपासले. मधले जागच्या जागी होते, कडेचे काही थोडे फिरले.

टर्बोचं काम त्यामानाने सरळ. फक्त एक लक्षात ठेवा, एस३६३ हा मूळच्या जागी जसाच्या तसा बसत नाही. मूळ टर्बोची बैठक टी३, याची टी४. त्यामुळे मॅनिफोल्ड बदलायचा, डाउनपाइप बदलायचा, ऑइलची परतीची नळी आणि इनटेकचा पाइप वेगळा. याला इथे 'सेकंड जेन स्वॅप' म्हणतात, कारण ही रचना मागच्या पिढीच्या रॅमसारखी आहे. नुसता टर्बो हजार डॉलरच्या आसपास मिळाला, पण बाकीचं सामान धरून खर्च दुपटीच्या वर गेला. जाहिरातीतल्या टर्बोच्या किमतीवर जाऊ नका. एवढं नको असेल तर मूळच्या जागी बसणारे, आत मोठं चाक घातलेले टर्बोही मिळतात. खर्च आणि मेहनत दोन्ही कमी. मी मोठ्या बैठकीचा घेतला तो एक्झॉस्ट मोकळा व्हावा म्हणून.

एसएक्स-ईचं कॉम्प्रेसर चाक ओतीव नाही, अखंड ॲल्युमिनियममधून कोरलेलं आहे. पाती पातळ, कडा स्वच्छ. तोंडाशी व्यास साधारण ६३ मिलिमीटर, मूळचा साठच्या आसपास. तीनच मिलिमीटर म्हणून हसू नका, हवा त्या वर्तुळाच्या क्षेत्रफळातून जाते. टर्बाइनचं चाक मी लहान घेतलं, ६८ वालं. ७३ वालं शर्यतीच्या लोकांना ठीक. ट्रेलर घेऊन सिग्नलवरून निघायचं असेल तर ६८.

फरक कुठे दिसला? बोगद्याच्या चढाला. त्याच ट्रेलरला, तेवढ्याच मालाला, पाचव्या गिअरमध्ये तापमान १,२०० च्या आसपास जाऊन थांबतं. दुपारच्या उन्हात थोडं वर जातं, १,३०० ओलांडत नाही. पाय उचलावा लागत नाही. मी बूस्टच्या शेजारी ड्राइव्ह प्रेशरचंही गेज लावलं आहे, म्हणजे टर्बाइनच्या अलीकडे एक्झॉस्ट किती तुंबतोय ते दिसतं. जुन्या टर्बोवर बूस्ट तीस असताना ड्राइव्ह पंचेचाळीसच्या पुढे जायचं. आता दोन्ही काटे जवळपास बरोबर चालतात. इंजिनाचा श्वास मोकळा झाला याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही. धूरही जवळजवळ गेला. कोलोरॅडोत मुद्दाम काळा धूर सोडण्यावर २०१७ पासून शंभर डॉलर दंड आहे, आणि तो नसता तरी फळांच्या ट्रेलरवर काजळी कोणाला हवी आहे? मूळचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मी काढलेला नाही. तो काढणं हे संघराज्याच्या क्लीन एअर ॲक्टखाली बेकायदा आहे आणि कोणी गॅरेजवाला "काढून टाकू" म्हणाला तर तिथून निघा. कॅलिफोर्नियात राहत असाल तर सीएआरबीचा (तिथल्या हवा मंडळाचा) मान्यता क्रमांक नसलेला टर्बो स्मॉग तपासणीत अडतो, घेण्याआधीच बघा.

आता उणं काय ते. १,७०० आरपीएमच्या खाली हा टर्बो झोपलेला असतो. जुना १,४०० लाच ओढायला लागायचा. गावातल्या चौकात ट्रेलर घेऊन निघताना हे रोज जाणवतं, गिअर थोडा उशिरा बदलायची सवय करावी लागते. हा दोष नाही, मोठ्या चाकाचा स्वभावच तो. पण सदा सपाटीवर आणि गावातच फिरणाऱ्याने हा घेऊ नये, नवा होलसेटच घ्यावा. आवाजही वाढतो. मला टर्बोची शिट्टी आवडते, माझ्या बायकोला आवडत नाही.

दुसरं उणं मोठं आहे आणि त्याबद्दल फार कमी लोक बोलतात : एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे एक्झॉस्ट अडवून उतारावर गाडी धरणारा ब्रेक. मूळ टर्बोच्या तोंडाशी बसणारा ब्रेक या बदलानंतर तिथे बसत नाही. बोगद्यातून बाहेर पडलं की जॉर्जटाउनकडे मोठा उतार लागतो. पाच टन मागे घेऊन नुसत्या चाकांच्या ब्रेकवर तो उतार मी उतरणार नाही. पॅकब्रेकचा पाइपमध्ये बसणारा वेगळा ब्रेक घेतला. चांगला आहे, तिसऱ्या गिअरला गाडी घट्ट धरतो. पण तो खर्च टर्बोच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरा. चढ सोपा झाला आणि उतार धोक्याचा झाला, तर तो सौदा वाईट.

आणि क्लच. चारशे हॉर्सपॉवरचा टॉर्क मूळ क्लचला लोडवर फार काळ झेपत नाही. मी साउथ बेंडचा क्लच आणि त्याबरोबर एकसंध फ्लायव्हील घातलं. मूळचं फ्लायव्हील दोन भागांचं असतं, मध्ये स्प्रिंगा. ते काढल्यावर न्यूट्रलला गिअरबॉक्स खडखडतो, क्लच दाबला की थांबतो. ज्याला माहीत नसतं तो घाबरतो. पकड मात्र अशी आहे की चढाला गिअर बदलून क्लच सोडला की गाडी तिथल्या तिथे उचलते. ऑटोमॅटिक ४८आरई असलेल्यांनी गिअरबॉक्सचा हिशेब आधी करावा, कारण तिथला खर्च टर्बोच्या कितीतरी पुढे जातो.

तर माझ्या मते पैशाचा क्रम असा : आधी गेज, मग क्लच, मग स्टड, मग टर्बो आणि त्याच्याबरोबर एक्झॉस्ट ब्रेक. सगळं सामान धरून त्या गॅरेजच्या अंदाजाच्या निम्म्यातच झालं, हातकाम माझंच होतं. स्टडना पाचपैकी पाच. टर्बोला साडेचार, तेही फक्त डोंगरात ओढणाऱ्यासाठी.

हे काम चालू होतं तेव्हा कराडहून चुलतभावाचा फोन आला. त्याच्याकडे जुना टाटा २५१५ आहे, त्यातही कमिन्सचं ५.९ च, जमशेदपूरच्या टाटा कमिन्सचं. "दादा, मीपण मोठा टर्बो घालू का? घाटात दम टाकते." मी त्याला स्पष्ट नाही म्हणालो. एकतर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. पासिंगला अडेल, आणि अपघात झाला तर विमा कंपनी बोट दाखवेल. दुसरं म्हणजे खंबाटकीला हवा विरळ नाही, त्यामुळे माझी अडचण त्याची नाहीच. तिथे गाडी दम टाकत असेल तर मूळ टर्बोपर्यंत हवा पोचत नाही किंवा टर्बोची हवा इंजिनापर्यंत पोचत नाही. एअर फिल्टर कधी बदलला ते बघ म्हटलं. मग गाडी चालू ठेवून कोणालातरी रेस द्यायला सांग, आणि टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंत प्रत्येक होसच्या क्लॅम्पवर साबणाचं पाणी टाक. इंटरकूलरच्या खालच्या होसला बुडबुडे आले. होस आणि दोन क्लॅम्प बदलले, टर्बोला हातही लावावा लागला नाही.